व्हेनिसला तिकीट लावून काय साधणार?

युरोपची सहल करून आलेल्या माणसाला ‘व्हेनिस कसं होतं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘स्वप्नवत!’ दोघांचे मिळून पाच-सहा लाख मोजून, व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं गोळा करून, ठेपले आणि भाजणीच्या चकल्या बॅगेत कोंबून गेलेला माणूस ‘ठीक होतं’ असं म्हणेल कसा? फोटो तर सगळ्यांचेच चांगले येतात. तिथे वाईट फोटो काढायला वेगळं कसब लागतं. त्यामुळे व्हेनिसने माझी साफ निराशा केली असं मी परतल्यावर चारचौघांत सांगितलं तेव्हा लोकांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या, बाईला झेपलं नसेल.

झेपलं होतं. कालव्यांना वास येत नव्हता, कुणी पाकीट मारलं नाही, शाकाहारी जेवणही धड मिळालं. निराशेचं कारण वेगळं होतं. ते सांगावंसं वाटतं, कारण त्या दुखण्यावर सध्या जो इलाज चालू आहे तो मला चुकीचा वाटतो. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांना प्रवेश शुल्क लावलं आहे. संग्रहालयाला असतं तसं तिकीट, पण शहरात शिरण्यासाठी. आपल्याकडच्या सहलवाल्यांच्या खर्चाच्या यादीत ते आता आलंच आहे. तेव्हा या तिकिटाबद्दल बोलायचा हक्क आपल्यालाही आहे.

आधी काय पाहिलं ते सांगते. सगळ्या सहलींचं होतं तसंच आमचं झालं. मुक्काम खाडीअलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला, कारण तिथली हॉटेलं स्वस्त. सकाळी बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर, तिथून बोटीने सान मार्को चौक. व्हेनिसमध्ये २०२४ पासून एका गटात पंचवीसपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत आणि गाइडला कर्णाही वापरता येत नाही, म्हणून आमचे दोन भाग केले गेले आणि प्रत्येकाच्या कानात एकेक यंत्र खोचलं गेलं. त्यातून आवाज येत होता : ‘मंडळी, चर्च बाहेरूनच बघायचं, आत मोठी रांग आहे. समोर घंटाघर. शेजारी डोजचा, म्हणजे इथल्या जुन्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा. फोटो काढून घ्या, मग काचेचं दुकान, मग मोकळा वेळ.’ ते घंटाघर १९०२ मध्ये कोसळलं आणि १९१२ मध्ये होतं तसं, होतं तिथेच पुन्हा उभं राहिलं, एवढी एक गोष्ट त्या माणसाने आवडीने सांगितली. बाकी सगळा कारभार घड्याळाकडे बघून.

मोकळ्या वेळात आम्ही दोघं रिआल्तो पुलाकडे निघालो. गर्दीचं मला वावडं नाही. गणपतीत लक्ष्मी रोडवर पायाचे अंगठे तुडवून घेतच मी मोठी झाले. पण त्या गर्दीत निम्मी माणसं तिथलीच असतात. वरच्या गॅलरीत कुणाची तरी मामी उभी असते, दहा मिनिटं टेकायला कुणाचा तरी ओटा सापडतो. इथे गल्ली भरून माणसं होती आणि त्यातलं एकही त्या गल्लीतलं नव्हतं. सगळे आमच्यासारखेच. फोन उंच धरलेले, वाट चुकलेले, स्वच्छतागृह शोधणारे.

पुलावर मात्र एक बाई तिथल्याच निघाल्या. वय ऐंशीच्या आसपास असेल. चाकांची बाजारपिशवी, तीतून हिरव्या पातीची जुडी बाहेर डोकावलेली. ‘पेर्मेस्सो, पेर्मेस्सो’ म्हणत त्या वाट मागत होत्या. पुढे एक नवविवाहित जोडपं फोटोसाठी उभं होतं, फोटोवाला अजून अंतर घेत मागे सरत होता, आणि त्याच्यामागे लोक आपली पाळी यायची वाट बघत थांबलेले. बाईंनी पिशवी कडेच्या पायऱ्यांवर घेतली आणि एकेक पायरी उतरवत नेली. त्या चिडल्याही नाहीत. भाजी घेऊन घरी जाण्याचा हाच रस्ता आहे आणि तो असाच असतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

सहल संपल्यावर आम्ही मागे राहिलो, कारण माझी भाची व्हेनिसमध्ये शिकते. म्हणजे शिकते व्हेनिसला, राहते पादोव्हाला. रोज आगगाडीने येते-जाते. वर्गातली निम्मी मुलं तसंच करतात, असं ती म्हणाली. व्हेनिसमध्ये खोल्या नाहीत असं नाही. खोल्या भरपूर आहेत, पण त्या रात्रीच्या हिशोबाने मिळतात, महिन्याच्या नाही. ज्या मिळतात त्यांच्या करारात जूनमध्ये खोली सोडायची अट असते. पुढे पाहुण्यांचा मोसम.

तिच्याबरोबर फिरताना माझ्या सँडलचा पट्टा तुटला. आता ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण एवढ्या एका पट्ट्याने मला व्हेनिस जेवढं कळलं तेवढं कानातल्या यंत्राने कळलं नव्हतं. चांभार शोधत आम्ही फिरलो. मुखवट्यांची दुकानं, मग मुखवट्यांची दुकानं, मग काचेचे घोडे, फ्रिजवर चिकटवायच्या गोंडोला, आइस्क्रीम, पुन्हा मुखवटे. (त्यातले बरेचसे मुखवटे कुठे बनून येतात ते त्यांच्या किमतीवरूनच कळतं.) ‘मावशी, इथे चप्पल दुरुस्त करून मिळत नाही, नवी घ्यावी लागते. तीही इटालियन लेदरची,’ भाची म्हणाली. शेवटी एका तंबाखूच्या दुकानात चिकटद्रव्याची नळी मिळाली आणि मी पूल उतरत-चढत स्टेशन गाठलं. किराण्याची सुपरमार्केटं आहेत. एक तर जुन्या चित्रपटगृहात आहे, छतावर चित्रं आणि खाली दुधाच्या बाटल्या. पण माणसाला फक्त दूध लागत नाही. बटण लागतं, स्क्रू लागतो, घड्याळाचा सेल लागतो, शिवण उसवली तर शिंपी लागतो. हे विकणारी आणि करणारी माणसं गिऱ्हाईक उरलं तरच उरतात.

गिऱ्हाईक किती उरलं? १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या घरात वस्ती होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रिआल्तोजवळच्या एका चौकात औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक पाटी लागलेली आहे, तीवर रहिवाशांची संख्या लाल आकड्यांत झळकते. तो आकडा बघत बघतच लोक खोकल्याचं औषध घेतात. आणि २०२३ मध्ये तिथल्या घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं की जुन्या शहरात पाहुण्यांसाठी असलेल्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

हे सगळं पर्यटकांनीच केलं, असं मात्र म्हणता येणार नाही. १९५१ चं व्हेनिस काही नंदनवन नव्हतं. तळमजल्यांना ओल, एकेका खोलीत आख्खं कुटुंब. खाडीपलीकडे मार्गेराला कारखाने उभे राहिले, मेस्त्रेत लिफ्ट आणि गाडी लावायला जागा असलेल्या इमारती झाल्या, आणि तरुण माणसं आपणहून तिकडे गेली. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं तेव्हा तळमजल्यावरच्या हजारो लोकांचं घर संपलं, आणि त्यांतले बरेच परत आले नाहीत. म्हणजे पहिली मोठी ओहोटी सुखसोयींमुळे आणि पुरामुळे. पण पुराचं म्हणाल तर तो आता अडवता येतो. ‘मोझे’ नावाचे ७८ दरवाजे खाडीच्या तोंडांशी बसवले आहेत. लाचखोरीच्या प्रकरणात त्यासाठी २०१४ मध्ये तेव्हाच्या महापौरांनाच अटक झाली होती, खर्च पाच अब्ज युरोंच्या पार गेला, तरीही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदा उचलले गेले आणि चौक कोरडा राहिला. पाणी थांबलं. माणसं जायची थांबली नाहीत. दोष पाण्याचाच असता तर आता उलटा ओघ दिसायला हवा होता.

रिआल्तोच्या पायथ्याशी एक प्रचंड चौकोनी इमारत आहे. तेराव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांची वखार म्हणून ती जागा वापरात आली, आगीनंतर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इमारत नव्याने बांधली गेली. विसाव्या शतकात तिथे शहराचं मुख्य टपाल कार्यालय होतं. पेन्शन घ्यायला, पार्सल टाकायला, भांडायला माणसं तिथे जात. मग ती विकली गेली आणि २०१६ मध्ये तिथे अतिमहाग वस्तूंचा मॉल उघडला. गच्चीवरून ग्रँड कॅनॉल दिसतो म्हणून लोक वेळ ठरवून वर जात, फोटो काढत आणि खाली न थांबता बाहेर पडत. २०२५ मध्ये मॉलही बंद झाला आणि दोनशेहून जास्त नोकऱ्या गेल्या. पर्यटकांच्या जिवावर चालेल म्हणून शहराने जे आपलं टपालघर दिलं, ते पर्यटकांच्या जिवावरही चाललं नाही. व्हेनिसच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या कारभाराची यापेक्षा बोलकी इमारत मला सापडली नाही.

आता तिकिटाकडे येते. २०२४ मध्ये ते २९ दिवस लागू होतं. पाच युरो, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ मध्ये ५४ दिवस झाले आणि आयत्या वेळी येणाऱ्यांना दहा युरो. पहिल्या वर्षी सुमारे २४ लाख युरो गोळा झाले, दुसऱ्या वर्षी ५४ लाखांच्या आसपास. महापालिकेच्या तिजोरीला हे बरंच. पण तिकिटाचा जाहीर केलेला हेतू तिजोरी नव्हता, गर्दी आवरणं हा होता. तीन लाखांच्या सहलीत पाचशे-हजार रुपये वाढले म्हणून कुणी व्हेनिस गाळेल का? विमानतळावरच्या एका सामोशाला तेवढे पैसे जातात. किंमत अडवण्याइतकी जास्त नाही आणि लाज वाटेल इतकी कमीही नाही. म्हणजे ती अडवत नाही, नुसती वसूल करते.

माझा खरा आक्षेप रकमेवर नाहीच. तिकीट कुणाला आहे आणि कुणाला माफ आहे, ते पाहा. दिवसापुरता येणाऱ्याला तिकीट. महापालिकेच्या हद्दीत (मेस्त्रेही त्यातच येतं) रात्री मुक्काम करणाऱ्याला माफ, कारण तो रात्रीमागे पर्यटन कर भरतो. वरवर हे रास्त वाटतं. दिवसाचा पाहुणा खर्च करत नाही, कचरा टाकतो, पुलाच्या पायरीवर बसून घरचा डबा खातो. (आम्हीही ठेपले खाल्ले. पायरीवर नव्हे, कारण सान मार्कोत पायरीवर बसून खाल्लं तर दंड होतो.) मुक्कामी पाहुणा मात्र सभ्य, पैसेवाला, संध्याकाळी वाइन घेणारा. या हिशोबात हद्दीबाहेरच्या स्वस्त हॉटेलात उतरलेला मराठी गट, दुसऱ्या प्रांतातून दिवसापुरतं आलेलं कुटुंब आणि बोटीतून उतरलेले निवृत्त लोक हे शहराचं दुखणं, आणि कालव्याकाठचा फ्लॅट आठवडाभर घेणारं जोडपं हे शहराचं भूषण.

नुकसान कशाने होतं ते तपासलं तर चित्र नेमकं उलटं दिसतं. दिवसाचा पाहुणा पुलावर जागा अडवतो, आणि संध्याकाळी ती जागा रिकामी होते. फ्लॅटमधला पाहुणा घर अडवतो. तो स्वतः गेला तरी घर मोकळं होत नाही. त्याच्या जागी दुसरा येतो, आणि ते घर नर्सला, बोट दुरुस्त करणाऱ्याला, शाळेतल्या शिक्षिकेला, माझ्या भाचीला कधीच मिळत नाही. पुलावरच्या त्या बाईंना दुपारी एकदा त्रास झाला तो आमच्यामुळे, हे मान्य. पण त्यांच्या जिन्यात आता ओळखीचं कुणी राहत नसेल, रात्री बरं वाटेनासं झालं तर दार ठोठवायला शेजार नसेल, तर तो आमच्यामुळे नाही. आणि नेमकं ते करणाऱ्याला तिकिटातून सूट आहे.

२०२५ च्या जूनमध्ये जेफ बेझोसचं लग्न व्हेनिसमध्ये झालं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. लग्न भाड्याने शहर घेऊन करता येत असेल तर करही जास्त भरता येईल, अशा अर्थाचा मोठा फलक सान मार्को चौकात अंथरला गेला. मला त्या लग्नाशी देणंघेणं नाही. श्रीमंतांची लग्नं आपणही पाहिली आहेत. पण मुक्कामी पाहुण्यांना तिकीट माफ या एका नियमाने तिथे खाजगी विमानाने आलेला माणूस सुटतो आणि बसने आलेला अडकतो. याला गर्दीचं नियोजन म्हणायचं?

आणखी एक गोष्ट खटकते. तिकीट आलं की तपासनीस आला. तिकीट असलेल्या दिवशी स्टेशनबाहेर जाकीट घातलेली माणसं उभी असतात आणि थांबवून विचारतात. रहिवाशांना पैसे नाहीत, विद्यार्थ्यांना नाहीत, कामाला येणाऱ्यांना नाहीत. पण आपण पाहुणे नाही याचा पुरावा जवळ हवा. कुणाच्या घरी भेटायला आलेल्या मित्रालाही आपण कुणाकडे चाललो ते सांगून माफी मिळवावी लागते. ज्या गावात घरी येणाऱ्याला कारण नोंदवावं लागतं ते गाव हळूहळू संग्रहालयाचे नियम अंगीकारतं. शहर वाचवायला निघालेल्या लोकांनी शहराला आधी फाटक बसवलं.

यावर दोन उत्तरं येतात आणि दोन्ही सोडून देण्यासारखी नाहीत. पहिलं असं, की घरं पाहुण्यांना देणारे कोण? व्हेनिसचेच लोक. आजी गेली, नातवाने मेस्त्रेत घर घेतलं आणि आजीचं घर वेबसाइटवर टाकलं. महिन्याच्या भाडेकरूकडून जे वर्षात मिळायचं ते मोसमात मिळतं; भाडेकरू घर सोडत नाही ही भीतीही नाही. पुण्या-मुंबईत घर रिकामं ठेवणाऱ्या, पण भाड्याने न देणाऱ्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नातवाला मी दोष देत नाही. पण प्रत्येक नातू शहाणपणाने वागला आणि सगळ्यांचं मिळून गाव ओस पडलं, अशी वेळ आली की तिथे नियम लागतो. नातवाच्या सदसद्विवेकावर शहर सोपवता येत नाही.

दुसरं उत्तर जास्त ऐकू येतं : पर्यटन सोडून व्हेनिस जगणार कशावर? हे विचारणाऱ्यांनी व्हेनिसचा इतिहास फक्त ब्रोशरमध्ये वाचलेला असतो. आपल्याकडे जुन्या घरांत पुतळ्यांची माळ असते. त्यातली पुतळी हे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. एका बाजूला सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणून आपल्या लोकांना त्यावर पुतळ्या दिसल्या. अरबी समुद्रावरून ते इथे आलं, मराठेशाहीत होनांबरोबर चाललं, आणि पुढे सोनारांनी त्याच्या नकला करून माळा ओवल्या. ते इतक्या दूर का चाललं? कारण १२८४ मध्ये पहिलं डुकाट पाडलं गेलं तेव्हापासून १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक संपेपर्यंत त्यात साडेतीन ग्रॅम जवळजवळ शुद्ध सोनं राहिलं. राजे अडचणीत आले की नाण्यात तांबं घालत. व्हेनिसने पाचशे वर्षं ते केलं नाही. नाव टिकवायचं तर कस टिकवावा लागतो हे त्या व्यापाऱ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि एकाच धंद्यावर ते गाव कधीच बसलं नव्हतं. मलबारची मिरी अलेक्झांड्रियाहून उचलून युरोपला विकणं हा मोठा धंदा, पण १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि त्या मक्तेदारीला तडा गेला. व्हेनिस त्यानंतरही तीनशे वर्षं जगलं. काच होती, आगीच्या भीतीने भट्ट्या १२९१ मध्येच मुरानो बेटावर हलवल्या होत्या. छापखाने होते, रेशीम होतं, जहाजं बांधणारी गोदी होती. जगभर जाणारी माणसं होती. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटलेला मनुची हा व्हेनिसचाच पोरगा, तोफखान्यात नोकरीला लागलेला. एक रस्ता बंद झाला की दुसरा काढणारे हात त्या गल्ल्यांत राहत होते. आज तिथे विद्यापीठं आहेत, जुन्या भिंती-चित्रं दुरुस्त करण्याचं जगातलं उत्तम ज्ञान आहे, समुद्र वाढत असताना शहर कसं राखायचं याचा दुसऱ्या कुणाला नसेल एवढा अनुभव आहे. हे धंदे पर्यटनाइतके पैसे देणार नाहीत, कबूल. पण ते करायला आलेल्या माणसाला झोपायला जागा दिल्याशिवाय ते उभेच राहणार नाहीत. शहराकडे कामं आहेत. खोल्या पाहुण्यांना दिलेल्या आहेत.

मग हे कारभाऱ्यांना दिसत नाही का? दिसतं, पण मतं दुसरीकडे आहेत. १९२६ मध्ये मेस्त्रे व्हेनिसच्या महापालिकेत जोडलं गेलं. आज त्या महापालिकेची वस्ती अडीच लाख, आणि त्यातले मोठ्या संख्येने मतदार मुख्य भूमीवर. जुन्या शहरातल्या लोकांनी वेगळं होण्यासाठी पाच वेळा मतदान मागितलं; शेवटचं २०१९ च्या डिसेंबरमध्ये झालं आणि निम्मे मतदारही आले नाहीत म्हणून रद्दबातल ठरलं. ज्यांना जुन्या शहराच्या गर्दीचा त्रास होत नाही पण तिथल्या हॉटेल-रेस्टॉरंटांत नोकरी आहे, ते तिथल्या खाटा कमी करायला मत कशाला देतील? मेस्त्रेकरांचंही चूक नाही. त्यांचं पोट त्यावर आहे. म्हणूनच मला हे महापौरांच्या चांगलेपणा-वाईटपणाचं प्रकरण वाटत नाही. ज्याचं घर जातंय त्याचं मत मोजणीत बुडतं, एवढंच.

अशा कोंडीतून वरच्या सरकारने वाट काढायची असते, आणि ती निघालीही होती. २०२२ मध्ये इटलीच्या संसदेने खास व्हेनिसपुरता अधिकार दिला, की पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या घरांवर शहराने मर्यादा घालावी. महापालिकेने तो हात राखून वापरला. जोर सगळा तिकिटावर. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या पर्यटक-फ्लॅटांचे दहा हजारांच्या वर परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. ते जमेल की कोर्टात अडकेल ते पुढे दिसेल, पण बोट योग्य जागी ठेवलंय. व्हेनिसनेही मोठ्या क्रूझ जहाजांच्या बाबतीत हे करून दाखवलं होतं. २०१९ मध्ये एक अजस्र जहाज जुदेक्का कालव्यात धक्क्यावर आदळलं, युनेस्कोने डोळे वटारले, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून तशा जहाजांना तिथून बंदी झाली. जहाजवाल्यांकडून पाच-पाच युरो घेऊन त्यांना येऊ दिलं गेलं नाही. बंदच केलं. जे खरोखर थांबवायचं असतं त्याला तिकीट लावत नाहीत.

खाटांची मर्यादा म्हणजे काही अगम्य शास्त्र नाही. एका मालकाला किती घरं पाहुण्यांना देता येतील ते ठरवायचं, नवे परवाने थांबवायचे, आणि सरकारी मालकीची जी शेकडो घरं दुरुस्तीअभावी कुलूपबंद पडली आहेत ती दुरुस्त करून भाड्याने द्यायची. तिकिटाचे ५४ लाख युरो त्या दुरुस्तीला लावले असते तर मीही रांगेत उभं राहून आनंदाने दहा युरो दिले असते.

आता आपल्या सहलींबद्दल थोडं, कारण व्हेनिसचे कारभारी आमच्यासारख्यांकडे बोट दाखवतात ते अगदीच हवेत नाही. अर्ध्या दिवसात व्हेनिस, त्यातला तासभर काचेच्या दुकानात, हे वेळापत्रक मराठी सहलीतही वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे, आणि आपण ते खपवून घेतो. दहा देश बारा दिवसांत बघायचे तर दुसरं काय होणार? ज्याला खरंच बघायचं आहे त्याने एक देश कमी करून दोन रात्री व्हेनिसमध्ये काढाव्यात, परवाना असलेल्या हॉटेलात किंवा मठांच्या अतिथीगृहांत. ती स्वच्छ असतात आणि रात्री दार लवकर बंद करतात. सान मार्कोकडे पाठ करून कास्तेल्लो या भागाच्या टोकाला जावं. तिथे विया गारिबाल्दीच्या आसपास अजून दोन भिंतींमध्ये कपडे वाळत असतात, संध्याकाळी पोरं चौकात भिंतीचा गोल करून फुटबॉल खेळतात, आणि बाकावर बसलेल्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारतात, माझ्या चिकटवलेल्या सँडलवरही बहुधा मारला असावा. मला व्हेनिसमध्ये निराश न करणारी जागा ती एकच वाटली.

काही मंडळींचा सल्ला असतो की व्हेनिसला जाऊच नका, तेवढीच गर्दी कमी. मला तो पटत नाही. मी न गेल्याने माझी जागा रिकामी राहणार नाही, आणि कुणाच्या तरी आजीचं घर परत मिळणार नाही. पर्यटकाच्या चांगल्या वागण्याने काही गल्ल्या सुसह्य होतील, चार दुकानं जगतील, याच्यापुढे त्याचा हात पोचत नाही. बाकीचं काम कायद्याचं आहे. तो कायदा रोममध्ये २०२२ मध्येच झालेला आहे. व्हेनिसने तो पुरता वापरायचा तेवढा बाकी आहे.